घट

पहाटे साडेचारला पाटचारीच्या कडेनं, केळीच्या बागांमधून
आम्ही पळायचो. पुढं जमना पावरा, मागं मी,
माझ्या मुठीत तिच्या भावाचं बटणाचं घड्याळ.
जमनाला बूट चावायचे.
नाड्यांची गाठ मारून ती ते गळ्यात अडकवायची
आणि शेवटची एसटी सुटल्यासारखी अनवाणी सुटायची.
चोपड्याचे दिवे मागं राहायचे, कुत्री थकायची,
मी "दोन बावन्न" म्हणून ओरडायचे
आणि ती म्हणायची, "खोटं. पुन्हा."

आठशे मीटर मलाही जमायचं.
गोळ्याचं म्हणाल, तर आधी वीट फेकली,
मग वडिलांच्या काट्याचं पाच किलोचं गंजकं वजन;
खरा गोळा हातात आला तेव्हा
कुणी थट्टा करतंय असं वाटलं.

अडायचं ते उंचीपाशी.
सकाळी, दाराच्या चौकटीवर, एकशे पंचावन्न पूर्णांक तीन.
संध्याकाळी अभ्यासिकेतून परतल्यावर
तीच चौकट, तीच पेन्सिल, एकशे चोपन्न पूर्णांक सात.
दिवसभरात मी कुठं सांडते, कळायचं नाही.
एक नळ टाकी सहा तासांत भरतो,
दुसरा आठ तासांत रिकामी करतो,
हे सोडवता सोडवता दोन भरत्या गेल्या.
आई म्हणाली, वेणी सैल घाल, भार पडतो.
बारवर लोंबकळून तळहातांना घट्टे पडले.

वडील जिनिंगवर मापाडी.
हसले नाहीत. पेन्सिलीच्या दोन्ही खुणा अंगठ्यानं चाचपल्या.
"सकायना कापूस भारी र्‍हास, माय. दुपारले हलका."
मग दवाचं, ओलीचं, टक्क्यांचं बरंच बोलले,
जणू उद्या मला गाडीत भरून न्यायचंय.

जळगावला आदल्या रात्री फुटपाथवर
फ्लेक्सच्या मागच्या पांढऱ्या बाजूवर झोपलो.
कुणी केळी वाटली. कुणी समानार्थी शब्द म्हणत होतं झोपेतच.
नंबर लागेपर्यंत मी उभी राहिलेच नाही,
पडून राहिले, पाठ जमिनीला, सगळे मणके मोकळे सोडून.
येणारे-जाणारे बघत. बघू देत.

नऊ वाजता रांग.
सहा मुली उत्तरेकडे तोंड करून उभ्या आहेत.
जमना डावीकडून दुसरी.
कल्याणी जमनाच्या उजवीकडे चौथी, म्हणजे मी.
ऊन दक्षिणेकडून, मानेवर.
दहा. साडेदहा. बसायची परवानगी नाही.
जमना आत गेली, तिचे बूट माझ्या गळ्यात.
अकरा.
तळपायांतून काहीतरी हळूहळू मातीत उतरत होतं.

"अंबाडा सोड. टाचा टेकव. समोर बघ."
बाई माझ्याच वयाच्या असाव्यात, नखांवर जुनी मेंदी.
लाकडी पट्टी डोक्यावर आली, थांबली.
त्यांनी आकडा वाचला, मग खाली वाकून पुन्हा वाचला,
मग आणखी एकदा, हळू, जणू त्यांच्याच मनात नव्हतं.
"एकशे चोपन्न पूर्णांक आठ."
टेबलावरच्या हवालदारानं लिहिलं.
अपिलात पुन्हा मोजलं. पूर्णांक आठ.
छातीवरचा नंबर काढताना एक पिन कापडातच राहिली.

गेटबाहेर वडील निंबाखाली उकिडवे.
मी काही बोलायच्या आधीच त्यांनी विचारलं,
"कितीले मोजं?"
मी म्हटलं, एकशे चोपन्न...
"नही व, टाइम."
"पावणेबारा."
बोटांची पेरं मोजत राहिले बराच वेळ.
मग गेटकडे बघून, जिनिंगवर व्यापाऱ्याशी बोलतात त्या आवाजात,
"त्या घट धरतस का नही?"
गेटवरच्या शिपायाला अहिराणी येत असावी.
तो दुसरीकडे बघू लागला.

भिंतीआड शिट्टी वाजली.
आठशेची बॅच सुटली होती.
जमनाचे बूट अजून माझ्याकडेच होते.
मी मुठीतलं बटण दाबलं.